खाऱ्या पाण्यातील कृमी : ओळख आणि उच्चाटन



मुकुटबनासारख्या गावी, जेथून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो मैल दूर आहे, तेथे समुद्राच्या पाण्यातील कृमींवर व्याख्यान व्हावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. व्याख्याता प्राणिशास्त्राचा पदवीधर असता तर गोष्ट निराळी. माझा पेशा कामगार-संघटनेचा. जे काही वाचले ते सभा आटोपल्यावर, रात्रीच्या गाडीत आणि सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर. तथापि हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. नको असलेला जीव कोणता, तो काढावा कसा, आणि काढताना हात कोणाचे पोळतात, हे तीन प्रश्न खाऱ्या पाण्याच्या एका काचपेटीत जितके स्वच्छ दिसतात तितके मोठ्या जगात दिसत नाहीत.

शिवाय समुद्र आपणांस वाटतो तितका परका नाही. आपल्या पायांखाली जो चुनखडीचा दगड आहे, ज्याच्यावर या भागात सिमेंटचा धंदा उभा राहिला, तो समुद्राच्या तळाशी बसलेला गाळच होय. भूगर्भशास्त्रज्ञ या थरांना पैनगंगा समूह म्हणतात आणि त्यांचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक सांगतात. हा दगड फोडणाऱ्या माणसाने पाहिलेच असेल, की त्याचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकावर एक सरळ बसलेले असतात. त्या काळच्या समुद्रात तळ उकरणारा कृमी जन्मालाच आला नव्हता. म्हणून गाळ जसा बसला तसाच राहिला. समुद्रतळ ढवळून काढणाऱ्या प्राण्यांची बिळे दगडांत ठळकपणे दिसू लागतात ती सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीपासून. तेव्हापासून खाली गाडले गेलेले अन्न वर येऊ लागले आणि वरची हवा खाली पोचू लागली. शेतात जे काम गांडूळ करते तेच समुद्राच्या तळाशी कृमी करतात. ज्याला आपण नको असलेला म्हणणार आहोत त्याची ही मूळ नोकरी लक्षात ठेवावी.

आता ओळखीच्या इतिहासाकडे वळू. १७५८ साली लिनियसने प्राण्यांची जी यादी छापली, तिच्यात मऊ अंगाच्या बहुतेक सर्व प्राण्यांना त्याने ‘कृमी’ या एकाच वर्गात कोंबले. गांडूळ, गोगलगाय, कालव, तारामासा, सगळे एकाच पोत्यात. हे पोते सोडून आतला माल वेगवेगळा करण्याचे काम पुढे ज्यांनी केले त्यांत लामार्क प्रमुख. १७९३ साली पॅरिसच्या संग्रहालयात त्याच्याकडे कीटक व कृमी यांचे अध्यापन आले, तेव्हा तो पन्नाशीच्या जवळ आला होता आणि त्याची कीर्ती होती ती वनस्पतिशास्त्रात. दुसऱ्या कोणाला नको असलेला विषय त्याने पत्करला, आणि १८०१ साली पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्यांना ‘अजून किती शिकायचे’ असे वाटते, त्यांनी हे वय ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ओळख चुकली की काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे जहाजांचे लाकूड पोखरणारा टेरेडो. १५०३ साली कोलंबसाची जहाजे या प्राण्याने इतकी पोखरली, की त्याला ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवून तेथेच अडकून पडावे लागले. १७३० नंतर हॉलंडमधील समुद्रबांधांच्या लाकडी खांबांना हीच कीड लागली आणि खालच्या पातळीवरचा सगळा मुलूख बुडतो की काय, अशी धास्ती पसरली. पुष्कळांनी तो देवाचा कोप मानला. १७३३ साली सेलियस नावाच्या विद्वानाने या प्राण्याचा कसून अभ्यास केला आणि दाखवून दिले, की हा कृमी नव्हेच. हा शिंपल्याच्या जातीचा जीव. त्याच्या डोक्याकडे दोन लहान शिंपा असतात आणि त्यांचीच कानस करून तो लाकूड खरवडतो. बारीक पिलू असताना तो लाकडात शिरतो, म्हणून बाहेरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आत लाकडाची चाळण झालेली असते. वरून धडधाकट दिसणारा खांब एके दिवशी मोडतो. अखेर डच लोकांनी बांधांसाठी परदेशांतून दगड आणविला.

आपल्या मुंबईलाही हा शत्रू माहीत होता. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने तेथील गोदीत सागवानी जहाजे बांधली. १८१७ साली तेथे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. सागवान या पोखरणाऱ्यास बऱ्यापैकी दाद देत नसे. परंतु सर्वस्वी नव्हे. म्हणून तळाला चुना व तेल यांचा लेप देणे, कोरड्या गोदीत घेऊन तळ खरवडणे, तांब्याचे पत्रे ठोकणे, असे उपाय चालत. तांब्याचा प्रयोग इंग्रजांनी १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजावर प्रथम केला आणि पुढे तो सगळ्या आरमारात रूढ झाला. दुसरा उपाय त्याहून साधा : जहाज काही काळ नदीच्या गोड्या पाण्यात नेऊन ठेवणे. खाऱ्या पाण्याचा जीव गोड्या पाण्यात टिकत नाही. ही दोन हत्यारे, तांबे आणि गोडे पाणी, आपण विसरू नये. थोड्याच वेळात ती काचपेटीत पुन्हा भेटणार आहेत. आणि एक गोष्ट कामगार म्हणून नोंदवितो. वाडियांचे नाव इतिहासाने ठेवले, ते योग्यच झाले. परंतु ओल्या तळाखाली उताणे पडून तो खरवडणाऱ्यांची, फटींत कापूस आणि राळ भरणाऱ्यांची नावे कोणत्याही चोपडीत सहसा सापडत नाहीत.

समुद्र काचेत कोंडण्याची कल्पना त्या मानाने अलीकडची. १८४६ साली ॲना थिन नावाच्या, लंडनच्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नीने टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ घरी आणले. पाणी शिळे झाले की ते मरणार, हे तिने ओळखले. मग उपाय काय केला? उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात धार धरून ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळेल. हे रोजचे काम बाईंच्या घरकाम करणाऱ्या मोलकरणीने केले. जगातील अगदी पहिल्या खाऱ्या मत्स्यपेट्यांपैकी एक जिवंत राहिली ती तिच्या मनगटांच्या जोरावर.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यावरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या तर एकमेकांना सांभाळतील, हा त्याचा हिशोब होता. परंतु वनस्पतींची पाने कुजू लागली आणि पाणी बिघडू लागले. तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजके खाऊन टाकले आणि पाणी निवळले. म्हणजे मासा आणि वनस्पती यांनी हिशोब पुरा झाला नाही. सफाई करणारा तिसरा आला तेव्हा तो जुळला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ साली फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने हा छंद घरोघरी नेला.

मुंबईत चौपाटीजवळ तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे उद्घाटन केले. विदर्भातून मुंबईस गेलेला माणूस राणीची बाग आणि हे मत्स्यालय पाहिल्यावाचून सहसा परतत नसे. लागलीच १९५३ साली अलाहाबादेहून पिएर फोव्हेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा, भारत आणि आसपासच्या देशांतील समुद्री केसाळ कृमींवरचा मोठा ग्रंथ निघाला. काचेपुढे गर्दी करणाऱ्यांपैकी कितींना त्याची वार्ता असेल? परंतु पेटीतला कृमी कोणता, हे ठरवायला असलेच ग्रंथ लागतात.

प्रश्न असा, की काचेच्या पेटीत कृमी येतो कोठून? त्याला कोणी विकत आणीत नाही. तो येतो दगडातून. १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग याने आपली रीत प्रसिद्ध केली : समुद्रातले प्रवाळखडक, त्यांवरील सगळ्या सजीवांसह, पेटीत मांडायचे, वरून ऊन आणि खालून हवेचे बुडबुडे द्यायचे, बाकी काम खडकावरचे सूक्ष्म जीव करतात. या ‘जिवंत खडका’ने पाणी शुद्ध राहू लागले, आणि त्याच्या भोकाभोकांतून कृमीही आत आले. जी वस्तू पेटीला जिवंत ठेवते तीच नको असलेल्यालाही घेऊन येते. आपल्याकडे मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, आणि २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा आहे, हे हौशी मंडळींनी प्रथम जाणावे.

आता काचपेटीतील मंडळींची ओळख करून घेऊ. सर्वांत जास्त आढळतो तो केसाळ कृमी. अंग वलयांचे, प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी राठ केसांचा झुबका, रंग गुलाबी, नारिंगी किंवा करडा. दिवा मालवला की हा बाहेर पडतो आणि माशांनी सोडलेले अन्न, विष्ठा, मेलेले जीव खातो. सकाळी मालक उठतो, मेलेल्या माशावर दहा-वीस कृमी पाहतो आणि ओरडतो, ‘यांनीच मारला!’ वस्तुतः मासा आधी मेलेला असतो; हे आले ते प्रेत हलवायला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे. हे कृमी फार वाढले, तर त्याचा अर्थ एवढाच, की पेटीत अन्न फार पडते आहे. उष्टे वाढविणाऱ्याने सफाई करणाऱ्यांच्या संख्येबद्दल तक्रार करू नये.

दुसरा, नळीत राहून पिसांचा तुरा बाहेर काढणारा कृमी. पाणी गाळून खातो आणि कोणाच्या वाटेला जात नाही. तो दिसायला सुंदर म्हणून त्याला कोणी काढीत नाही. उलट पैसे मोजून आणतात. नात्याने तो पहिल्याचाच भाऊबंद. एक भाऊ दिवाणखान्यात आणि दुसरा उकिरड्यावर, हा भेद कामावरून नव्हे, रूपावरून पडला आहे.

तिसरा मात्र खरा अपराधी. अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातील अग्निकृमी प्रवाळाच्या फांदीवर चढतो, तिचे टोक तोंडात घेतो आणि मांस खाऊन पांढरा सांगाडा मागे ठेवतो. डिवचला की पांढऱ्या केसांचे झुबके फुलतात आणि बाजूंना तांबडे-नारिंगी कल्ले दिसतात. हे केस ठिसूळ. कातडीत शिरून मोडतात आणि आग होते. केसाळ म्हटला म्हणजे अग्निकृमी, असे मानणे चूक. केस दोघांनाही आहेत. तो खातो काय, हे पाहावे लागते.

चौथा बिळात राहणारा यूनिस. डोक्यावर पाच स्पर्शिका आणि तोंडात कातरीसारखे जबडे, ही त्याची खूण. त्याच्यापैकी काही जाती हातभरापेक्षा लांब वाढतात. २००९ साली इंग्लंडमधील न्यूकी येथील मत्स्यालयात प्रवाळ कुरतडलेले सापडू लागले. कर्मचाऱ्यांनी सापळे लावले, उपयोग होईना. शेवटी खडक एकेक करून उचलले, तेव्हा आत चार फूट लांबीचा कृमी निघाला. तो लहान असताना कोणत्या तरी दगडातून आला होता आणि कोणाच्या दृष्टीस न पडता तेथेच पोसला गेला होता.

पाचवे, चपटे कृमी. पानासारखे पातळ, वलये नाहीत, केस नाहीत. त्यांपैकी तांबूस रंगाचे काही थेट विभागून वाढतात आणि थोड्या दिवसांत काच झाकून टाकतात. प्रवाळावर जगणारी एक चपटी जात तर प्रवाळाच्याच रंगात लपते. तिची ओळख पटते ती प्रवाळावरील लहान गोल चाव्यांवरून आणि बुडाशी चिकटलेल्या तपकिरी अंड्यांवरून. तिचे शास्त्रीय नामकरण २०११ साली झाले. तोवर ती पेट्यांतून नुकसान करीतच होती.

आता उच्चाटन. पहिला नियम असा, की नवा दगड किंवा नवे प्रवाळ आले की ते थेट मोठ्या पेटीत घालू नये. वेगळ्या पेटीत काही आठवडे ठेवावे आणि रात्री विजेरीवर लाल कागद लावून पाहावे. तांबडा प्रकाश या मंडळींना फारसा जाणवत नाही. अर्धी लढाई येथेच जिंकली जाते.

दुसरा, हाताने काढणे. रात्री कोळंबीचा तुकडा नळीत ठेवावा. वासाने कृमी आत शिरतो, नळी उचलावी. बिळातला असेल तर तो दगडच बाहेर काढावा. लांब चिमटा वापरावा, उघडा हात घालू नये. केस रुतलेच तर चिकटपट्टीने ओढून काढावेत. चपटे कृमी बारीक नळीने पाण्याबरोबर ओढून घ्यावेत.

तिसरा, गोडे पाणी. जहाजांची जुनी युक्ती येथे बादलीत येते. कृमीच्या अंगात मीठ, बाहेर गोडे पाणी. मनुका पाण्यात फुगतात तसे त्याच्या अंगात पाणी शिरते आणि तो दगड सोडून बाहेर पडतो. परंतु गोडे पाणी नाजूक प्रवाळालाही बाधते, म्हणून त्यासाठी औषधी पाण्याची बुडी देतात. कोणत्याही बुडीने अंडी मात्र मरत नाहीत. ती खरवडून काढावी लागतात आणि काही दिवसांच्या अंतराने बुडी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. एका सभेने संप जिंकत नाही, तसेच हे आहे.

चौथा उपाय विषाचा, आणि तो शेवटचा. तांबे घातले तर कृमी मरतील. परंतु त्यांच्याबरोबर कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ, सगळेच मरतील. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. चपट्या कृमींना मारणारी खास औषधे आहेत. पण हजारो कृमी एकदम मेले, तर त्यांच्या अंगातील विष आणि कुजलेली शरीरे मिळून मासेही मारतात. म्हणून आधी शक्य तितके नळीने काढावे, मग थोडक्या मात्रेने औषध द्यावे आणि लगोलग पाणी बदलून कोळशाच्या गाळणीतून फिरवावे.

येथवर मत्स्यपेटीची गोष्ट झाली. परंतु काढणाऱ्याच्या हातांचा प्रश्न राहिला. २०१८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधील स्टीव्हनटन गावी एका घरी पेटीतले प्रवाळ साफ केले गेले. काही मऊ प्रवाळांच्या अंगी भयंकर विष असते. घासताना ते हवेत उडाले आणि घरची माणसे व मदतीस धावलेले कर्मचारी मिळून दहा जणांवर रुग्णालयात उपचार करावे लागले. दगडावरील किडे मारायला तो दगड उकळणाऱ्यांवरही असाच प्रसंग येतो. विष कोणत्या बाजूला आहे, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हे परक्या देशातले समजून सोडू नका. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ साली, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील बोंडअळी आणि इतर किडींवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो रुग्णालयांत गेले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, पाठीवर पंप, दोन-दोन औषधांचे मिश्रण, आणि तोंडाला फार तर एक रुमाल. गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत शिरून बसते. वरून उडविलेले विष तिच्यापर्यंत पोचणे कठीण. ते पोचले फवारणाऱ्याच्या श्वासापर्यंत. कोणती कीड, ती कोठे बसते, कोणते औषध तिला लागू पडते आणि कोणत्या वेळी, ही ओळख फवारणाऱ्याला कोणी करून दिली होती? दुकानातून बाटली हातात आली. ज्ञान आले नाही, हातमोजेही आले नाहीत.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कृमींचा इतिहास हा ओळखीचा इतिहास आहे. डच लोकांनी देवाचा कोप मानला, तोवर बांध कोसळत राहिले. सेलियसने प्राणी ओळखला आणि लोकांना आपण कशाशी झुंजतो आहोत ते कळले. मत्स्यपेटीत जो प्रत्येक केसाळ जीव मारीत सुटतो, त्याची पेटी उष्ट्याने नासते. जो एकही काढीत नाही, त्याच्या प्रवाळाला अग्निकृमी खातो. शहाणा माणूस रात्री दिवा घेऊन बसतो, कोण काय खातो ते पाहतो, आणि मग चिमटा उचलतो.

या निरीक्षणाला विद्यापीठाची पदवी लागत नाही. वेळ लागतो, चांगले पुस्तक लागते, आणि जे काम करतात त्यांना त्या पुस्तकापर्यंत पोचण्याची वाट लागते. आपल्या गावात काचपेटी असो वा नसो, कपाशीचे वावर आहे, खाण आहे, कारखाना आहे. उद्या कोणी आपल्या हाती विषाची बाटली देऊन ‘मार’ म्हणाला, तर आपण दोन गोष्टी आधी मागाव्यात : कशाला मारायचे त्याची खूण, आणि आपल्या हातांसाठी मोजे. त्या मिळेपर्यंत बाटलीचे झाकण उघडू नये.